आमच्या स्वयंपाकाच्या मावशींना जाहीर आभारपत्र

मावशी,

सप्रेम नमस्कार.

पत्र जाहीर लिहितेय, कारण समोरासमोर बोलायला गेलं की तुम्ही "बरं बरं, कणीक किती भिजवू?" म्हणून विषय मिटवून टाकता. फोनवर आलेलं सगळं तुम्ही वाचता हे मला ठाऊक आहे, तेव्हा हेही वाचालच. शिवाय माझं वजन उतरायला लागल्यापासून ऑफिसातल्या आणि सोसायटीतल्या बायका "कोणाकडे जातेस? काय घेतेस?" असं विचारून भंडावून सोडतायत. मी कोणाकडे जात नाही, काही घेतही नाही. आमच्या ओट्यापाशी सकाळी सातला एक बाई उभी राहते, तिने हे केलं, हे सगळ्यांना एकदाच सांगून मोकळं व्हावं म्हटलं.

आहारतज्ज्ञांनी दिलेला तक्ता फ्रिजवर चिकटवलेला होता. दुपारी दोन पोळ्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण, अर्धी वाटी भात. मी तो नेमाने पाळत होते आणि काटा जागचा हलत नव्हता. घरात कोणी म्हणे वय झालं, कोणी म्हणे थायरॉइड तपासून घे, कोणी म्हणे आपल्याकडे सगळे अंगानेच आडवे. तुम्ही एक दिवस कणीक मळता मळता तो तक्ता वाचलात आणि म्हणालात, "ताई, दोन पोळ्या लिहिल्यात खऱ्या, पण केवढाल्या? आणि वाटी कंची?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. तक्ता देणाऱ्यांनीही विचारला नव्हता.

मुलाने केकसाठी घेतलेला वजनकाटा माळ्यावर पडून होता. तो तुम्ही काढायला लावलात आणि आपल्या रोजच्या पोळीचा उंडा त्यावर ठेवलात. ८० ग्रॅम. शंभर ग्रॅम पिठाला साठेक मिली पाणी लागतं, म्हणजे त्या उंड्यात ५० ग्रॅम पीठ. तक्त्यातली पोळी धरलेली असते ३० ग्रॅम पिठाची. तिच्या साधारण शंभर कॅलरी होतात. म्हणजे माझ्या दोन पोळ्या तक्त्याच्या हिशेबाने तीनाच्याही वर जात होत्या. आणि आपली घडीची पोळी! पोटात तेलाचं बोट, वर तुपाचा हात. चमचाभर तेल म्हणजे ४५ च्या आसपास कॅलरी, तूपही त्याच घरचं. ते कुठल्याच तक्त्यात लिहिलेलं नसतं, कारण ते कोणी "खात" नाही, ते लागलेलं असतं.

मग वाट्या. कपाटातून चार प्रकारच्या निघाल्या. लोणच्याची, आमटीची, खिरीची, आणि लग्नात आलेल्या सेटमधली ती खोलगट, जिच्यात मी भाजी घेत होते. औषधाच्या बाटलीबरोबर आलेल्या मापाने तुम्ही पाणी ओतून ओतून मोजलीत. आहारतज्ज्ञांना फोन केला तर त्या म्हणाल्या, दीडशे मिलीची धरा. आमची खोलगट वाटी २५० मिलीची निघाली. तुम्ही ती उचलून पिठाच्या डब्यात माप म्हणून टाकलीत. अजून तिथेच आहे.

लोकांना वाटतं स्वयंपाकाच्या बाईला अंदाज असतो. तुमच्याकडे अंदाजाच्या पलीकडचं काहीतरी होतं, ते मला नंतर कळलं. नाशकात येण्याआधी तुम्ही दिंडोरीकडे बचत गटातर्फे शाळेची खिचडी शिजवत होता. तिथे सगळं ग्रॅमवर. पाचवीपर्यंतच्या पोराला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला १५०, ३०, ७५ आणि साडेसात. पट गुणिले माप, हे गणित तुम्ही इतकी वर्षं रोज तोंडी केलंत. म्हणूनच आमच्या कुकरकडे बघून तुम्ही एका वाक्यात निकाल लावलात, "चार माणसांना चारशे ग्रॅम तांदूळ लावता तुम्ही. म्हणजे पोळ्या खाऊन झाल्यावर वरतून शाळेतल्या पोराचं आख्खं जेवण."

सुरुवातीला वरणभात, मग पोळीभाजी, शेवटी ताकभात, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. त्याला कोणी नावं ठेवू नयेत. शेतावर दिवसभर राबणाऱ्या माणसांचं ते जेवण होतं. मी दिवसभर संगणकासमोर बसते. तुम्ही ताकभात बंद करा म्हणाला नाहीत. पहिला भात काढून टाका, वरण नुसतं वाटीतून प्या आणि शेवटी लोणच्याच्या वाटीने मूद पाडून घ्या, म्हणालात. मूद छोटी असली तरी मूद असते, तिच्यावर तूपही सोडता येतं. भाताने पातेल्यातून येऊन ताटात पसरायचं नाही, एवढाच नियम.

तेलाचं तर मी सगळ्यांना सांगत सुटते. २०२४ साली हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत २००० कॅलरीच्या दिवसाला तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलेत. चार माणसांचा महिन्याचा हिशेब मांडला तर साडेतीन लिटर होतात. आमचा पाच लिटरचा डबा महिना पुरा व्हायच्या आत खडखडायचा. तुम्ही फोडणीची पळी काढून घेतलीत आणि पोह्यांचा चमचा दिलात. मला वाटलं आता भाजी कढईला चिकटणार. तुम्ही जाड बुडाची कढई चांगली तापवलीत, दोन चमचे तेल, मोहरी पूर्ण तडतडू दिलीत, भाजी टाकून परतलीत आणि वर खोलगट ताटली झाकून तिच्यात पाणी ओतलंत. त्या पाण्यामुळे आतली वाफ ताटलीला लागून परत भाजीत उतरत राहते. मधेच ते गरम झालेलं पाणी चमचाभर भाजीत सोडायचं. माझी आजी गवार अशीच करायची. पातळ नॉनस्टिक भांडी घरात आल्यापासून आमच्या पिढीने ही ताटली ठेवणंच सोडून दिलं. गंमत म्हणजे कमी तेलाची भांडी म्हणून ती आणली, आणि हात मात्र तेवढाच सैल राहिला.

शेंगदाण्याच्या कुटावरून मात्र आपलं वाजलं होतं. कूट नको म्हटलं तर तुम्ही ऐकेनात, कूट कमी म्हटलं तर मी ऐकेना. शंभर ग्रॅम दाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, मूठ मूठ टाकायची ती गोष्ट नव्हे. पण कुटाशिवाय दोडका कसा लागेल, हा तुमचा मुद्दाही सोडण्यासारखा नव्हता. शेवटी चार माणसांच्या भाजीत सपाट दोन चमचे, यावर तह झाला.

आता मुख्य गोष्ट, जी माझ्या मैत्रिणींना सांगताना कोणी लक्ष देत नाही. उंडा लहान केला की कणीक तेवढीच राहते, पोळ्या वाढतात. आधी तुम्ही बारा पोळ्या लाटायचात, त्याच कणकेच्या वीस झाल्या. मला हे दिसलं नव्हतं. मी आपली ३० ग्रॅम पिठाचा उंडा म्हणून ४८ ग्रॅम, ४८ ग्रॅम करत होते. दुसऱ्याच दिवशी तुम्ही लाटणं खाली ठेवलंत आणि सरळ म्हणालात, "तुमचं वजन कमी व्हायचं तर माझं काम वाढणार. पैसे वाढवा, नाहीतर उंडा पहिल्यासारखा." मी त्या महिन्यापासून वाढवले. त्यात माझं काही औदार्य नाही. वजन कमी करायच्या क्लासला मी याच्या कितीतरी पट पैसे भरून आले होते, आणि तिथे मला कोणी पोळी लाटून दिली नव्हती. घरातल्या एकाने पथ्य पाळायचं ठरवलं की त्याची मोजमाप, चिराचिरी, वेगळी फोडणी कोणाच्या तरी हातावर पडते, आणि बहुतेक घरांत त्या हाताला विचारलेलंही नसतं. तुम्ही विचारायला लावलंत.

सासूबाईंनी पहिल्या दिवशी ताटाकडे बघून "ही काय भातुकली मांडलीय?" असं म्हटलं ते तुम्ही ऐकलंत. तुमचं उत्तर मला पाठ आहे, "आजी, भूक असेल तर पाच खा. कोणी मोजत नाही." आणि खरंच कोणी मोजलं नाही. मुलगा तीनच्या जागी पाच खातो, हे चार खातात, सासूबाई दोनवर थांबतात आणि रात्री पोट हलकं राहतं म्हणतात. माझ्यासाठी वेगळं काही शिजत नाही. याआधी मी घरच्यांसमोर उकडलेलं काहीतरी घेऊन बसायचे आणि ते सगळे माझ्याकडे दयेने बघायचे. त्या जेवणाने उतरलेलं वजन कुठे टिकतं?

भाजीची पिशवी मात्र जड झाली. पोषण संस्थेच्या त्या सूचनांत माणशी दिवसाला ४०० ग्रॅम भाजी आहे आणि धान्य २५० ग्रॅम. आमच्याकडे चौघांत मिळून अर्धा किलो भाजी आणि बाकी सगळं धान्य असा प्रकार. आपल्या ताटात कोशिंबीर डाव्या बाजूला, चटणीच्या शेजारी, बोटभर वाढायची पद्धत. तुम्ही तिला उजवीकडे आणून वाटीत बसवलंत. काकडी, गाजर, कोबी, मुळा, जे स्वस्त असेल ते, वर लिंबू. आणि मटकी-मूग भिजवायचं भांडं मोठं केलंत. संध्याकाळी पाचला जी भूक खवळायची, तिच्यावर दुपारच्या दाट उसळीइतकं दुसरं काही चाललं नाही.

उरलंसुरलं संपवणं हा आमच्या घरात माझा मान होता. कढईत चमचाभर भाजी, मुलाने टाकलेली अर्धी पोळी, "एवढंसं काय ठेवायचं" म्हणून उभ्या उभ्या पोटात. तुम्ही शिजवतानाच कमी शिजवायला लागलात आणि भांडी ओट्यावरच ठेवून ताटं वाढून न्यायला सांगितलंत. तरी उरलंच तर छोटा डबा फ्रिजात. त्याची सकाळी फोडणीची पोळी होते आणि तिच्यातलं तेल कोण मोजणार, हा प्रश्न मी अजून तुम्हाला विचारलेला नाही. विचारणारही नाही.

एकादशीला मात्र आपली जिरली. दुप्पट खाशी म्हणतात ते साबुदाण्याच्या खिचडीला तंतोतंत लागू. नुसता पिष्टमय पदार्थ, वर दाणे, वर तूप. आता मी भगर आणि दाण्याची आमटी घेते, लहान वाटीने. आणि होळीला मी पुरणपोळीचा उंडा काट्यावर ठेवायला निघाले तेव्हा तुम्ही काटाच उचलून नेलात. "सणाला मोजायचं नसतं. एकच खा, पण पुरती खा." तुमच्या माहेरी खापरावरचे मांडे होतात, दोन्ही हातांवर झुलवून मोठे केलेले, त्यांच्यापुढे माझा काटा हास्यास्पदच होता. एक खाल्ली. दुधासकट, तुपासकट.

आता हिशेब. सात किलो उतरलंय, सावकाश. कंबर ९१ सेंटिमीटरवरून ८४ वर आली. आपल्याकडच्या बायकांना ८० च्या आत असावी म्हणतात, तेव्हा वाट अजून आहे. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ च्या खाली आलाय, पण आपल्या लोकांना २३ पासूनच जास्त वजनात धरतात, म्हणजे तिथेही पास झालेले नाही. गुडघे मात्र जिना चढताना बोलायचे बंद झाले. नातेवाईक आता "बारीक झालीस, आजारी आहेस का?" विचारतात, हेच लोक आधी उलटं विचारत होते. एवढ्या काळात माझ्या अंगावरून एक शब्द न बोललेली माणसं मोजायला घेतली तर तुम्ही पहिल्या. तुम्ही पोळीबद्दल बोललात, वाटीबद्दल बोललात, तेलाबद्दल तर भरपूर बोललात. त्याबद्दल मनापासून आभार, आणि त्या न बोललेल्या शब्दाबद्दल जरा जास्त.

पुढच्या महिन्यात तुम्ही मुलीच्या बाळंतपणाला गावी जाणार आहात. पगार पूर्ण मिळेल, तो विषय काढू नका. बदलीवर येणाऱ्या ताईंना जायच्या आधी एक दिवस सोबत घेऊन या आणि उंडा, चमचा, ताटलीतलं पाणी दाखवून द्या. माझं ऐकतील असं वाटत नाही. आणि काटा कुठे ठेवलाय तेही सांगून जा, होळीपासून मला तो सापडलेला नाही.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची ताई