ठसा सापडला म्हणजे चोर सापडला?

मा. संपादक,

चोरीच्या बातमीत 'बोटांचे ठसे जुळले' एवढं वाचलं की आपण निकाल देऊन मोकळे होतो. ठसा फक्त इतकंच सांगतो, की हे बोट इथे लागलं होतं. कधी आणि कशासाठी, ते सांगत नाही. रोज कपाट पुसणाऱ्या बाईंचे ठसे कपाटावर असणारच, आणि संशय आधी त्यांच्यावरच येतो. याचा मला संताप येतो.

१८९० च्या दशकात जलपायगुडीच्या चहामळ्यात मॅनेजरचा खून झाला, पैसेही चोरीला गेले. तिथल्या बंगाली पंचांगावर रक्ताळलेला अंगठा उमटला होता. त्यावरून पूर्वीच्या एका नोकराला चोरीबद्दल शिक्षा झाली. खुनाचा आरोप मात्र न्यायालयाने सिद्ध मानला नाही. किती तोलून पाहिलं होतं तेव्हा! उलट २००४ च्या माद्रिद बॉम्बस्फोटांनंतर एफबीआयच्या तज्ज्ञांनी ठसा भलत्याच माणसाशी जुळवला आणि एक निरपराध वकील सुमारे दोन आठवडे कोठडीत राहिला.

ठसा तिजोरीच्या आत होता की दारावर, आणि आरोपीचा तिथे एरवी वावर होता का, एवढं तरी बातमीदारांनी पोलिसांना विचारावं आणि छापावं.

— एक वाचक