चि. निखिलला, रविवारच्या फोननंतर

नागपूर, ११ जून

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

"आई, आता तुझं सिकलसेल सुरू करू नको" म्हणालास आणि फोन ठेवलास, म्हणून लिहितेय. पस्तीस वर्षं लॅबमध्ये रक्त तपासलं, रक्ताचा तो आजार तोंडी येणारच. बाबांना सांगितलेलं नाही. त्यांची शुगर आधीच वर आहे, ते लगेच "परत ये म्हणावं" सुरू करतील.

पळताना कोसळलेला तुमच्या टीममधला तो मुलगा बरा आहे, दोन दिवसांत हॉस्पिटलमधून सोडलं, एवढं सांगितलंस. देवाची कृपा. त्या विषयावर मी काहीच लिहिणार नाही.

जेवतोस का वेळेवर? पहाटे साडेपाचला वेट रूम उघडायची म्हणजे चारला उठत असशील. इंटर्न होतास तेव्हा एक डॉलर न घेता टॉवेल धुतलेस, बाटल्या भरल्यास. शरदकाका म्हणाले होते, "इंजिनिअरिंग सोडून धोबी झाला काय पोरगा?" आता तेच काका पंगतीत सांगतात, पुतण्या अमेरिकेत टीमचा कोच आहे. मी दुरुस्त करत नाही. बायका विचारतात, बास्केटबॉल शिकवतो का? मी सांगते, नाही हो, उडी मारून खाली आल्यावर गुडघा कसा टिकवायचा ते शिकवतो. त्यांना पटत नाही. शिवाजीनगरच्या ग्राउंडवर तुझा गुडघा गेला ती संध्याकाळ त्यांनी कुठे पाहिली?

जानेवारीत तुमची मॅच होती, आपल्याकडे सकाळचे साडेसहा. टाइमआउटला पोरं खुर्च्यांवर बसली आणि मागे तू उभा, हातात टॉवेल. दोन सेकंद दिसलास. बाबांनी चित्र थांबवलं, चष्मा काढून टीव्हीजवळ गेले आणि म्हणाले, "बारीक झाला." मग दिवसभर काही बोलले नाहीत. एवढ्यावरून ओळख.

तूच मला सांगितलं होतंस, खेळाडूंची ताकद आणि दम वाढवण्याचा तुझा हा धंदा कसा सुरू झाला ते. नेब्रास्का विद्यापीठातला तो पोल व्हॉल्टवाला, बॉइड एप्ली. पाठ दुखावली म्हणून वजनं उचलायला लागला आणि १९६९ साली कॉलेजनं त्याला त्याच कामावर ठेवलं. फुटबॉलच्या हेड कोचनं त्याला बजावलं, एक जरी पोरगा हळू झाला तर तुझी नोकरी गेली. तू हसत सांगितलंस, मीही हसले. रविवारपासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. तुमच्या धंद्याची सुरुवातच दुसऱ्याच्या धाकात झालीय रे. हेड कोच हरला की त्याच्यासोबत तुझंही सामान ट्रकमध्ये. पाच वर्षांत तीन गावं झाली तुझी. वर व्हिसा. अशा माणसाला "बस, आता पोरांना पळवू नका" म्हणता येतं का? मला तेवढंच विचारायचंय. त्या दिवशी शिट्टी कोणाच्या तोंडात होती?

बघ, लिहिणार नव्हते.

सुट्टीवरून आलेल्या पोरांना पहिल्या आठवड्यात निम्मंच पळवायचं, पुढे ३० टक्के कमी, मग २०, मग १०, असं २०१९ मध्ये तुमच्या संघटनांनी ठरवून दिलंय. हेही तूच सांगितलंस. शिक्षा म्हणून पळवायचं नाही. डॉक्टरचा शब्द कोचनं मोडायचा नाही. नियम चांगलेच आहेत, पण नियम कागदावर असतात आणि कोच समोर उभा असतो. तो मुलगा कुठल्या आठवड्यात पडला?

तू म्हणालास, "तो बोलत होता गं, फक्त पाय चालत नव्हते." निखिल, क्रॅम्प आला की माणूस ओरडतो, पोटरी दगडासारखी होते. सिकलसेलच्या वाहकाचं, म्हणजे आईवडिलांपैकी एकाकडूनच तो दोष आलेल्याचं, तसं नसतं. स्नायू हाताला मऊ लागतात, पोरगा शुद्धीवर असतो आणि नुसता खाली बसतो. लोकांना वाटतं नाटक करतोय. ह्यूस्टनचा तो कॉलेजचा फुटबॉलवाला डेल लॉइड, वाहकच, १९ वर्षांचा, २००६ साली शंभर-शंभर यार्डांच्या १६ धावा काढून कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्याच्या आईवडिलांनी दावा लावला तेव्हा कुठे २०१० पासून तुमच्या डिव्हिजन वनमध्ये, कॉलेजच्या खेळांच्या सगळ्यात वरच्या गटात, सिकलसेलची तपासणी आली. म्हणजे रिपोर्ट तुमच्याकडे असतोच. तू पाहिला होतास?

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तू नववीत असशील. आरमोरीकडचा एक पोरगा आला होता, पोलीस भरतीच्या तयारीतला. माझ्याच टेबलावर त्याची सोल्युबिलिटी टेस्ट, सिकलसेलची पहिली चाचणी, झाली. ट्यूबमागच्या काळ्या रेघा दिसेनात, इतकं गढूळ. मग पक्क्या तपासणीत, इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये, वाहक निघाला. त्यानं विचारलं, "मॅडम, पळू न?" आम्हाला शिकवलेलंच सांगितलं मी. वाहक म्हणजे आजारी नव्हे, पळ खुशाल, फक्त लग्नाच्या वेळी मुलीचा रिपोर्ट बघ. मे महिन्यात तो १६०० मीटरच्या सरावात शेवटच्या राउंडला पडला. त्याची लघवी माझ्याकडेच तपासायला आली, कोकाकोलासारखी. पट्टीवर रक्त दाखवत होतं आणि मायक्रोस्कोपखाली एक लाल पेशी दिसेना. मी तीन वेळा स्लाइड लावली. स्नायू फुटून किडनीत उतरले होते. नावाचं लेबल मी नंतर वाचलं.

वाचला तो. चार दिवसांनी वॉर्डात मला नमस्कार केला आणि म्हणाला, "तुम्ही म्हटलं होतं न मॅडम." रागानं नाही बोलला. पुढे भरतीला उतरला का, ते मी विचारायला गेले नाही. त्या रात्री मी जेवले नाही आणि तू मात्र विचारत होतास, आई, उद्या मॅच आहे, डब्यात काय देशील?

तेव्हा मला माहीत नव्हतं. तुला माहीत आहे, एवढाच काय तो फरक. वाहकानं खेळू नये असं माझं म्हणणंच नाही. मधे थांबू द्या, पाणी द्या, आपला दम ओळखू द्या, की तो बाकीच्यांसारखाच पळतो. नोकरी गेली तर जाऊ दे, दुसरी बघ. हे सोपं आहे म्हणते, पण व्हिसाचे दिवस मला मोजावे लागत नाहीत, हेही कळतं. आणि काहून मी धरून चालले की चूक तुझीच? कदाचित तूच पळत जाऊन थांबवलं असशील. रागावू नको. पस्तीस वर्षं रिपोर्ट लिहिले, आता प्रत्येक गोष्टीला पॉझिटिव्ह-निगेटिव्ह लावायची सवय झालीय.

इकडे पाऊस नाही, कूलर चालू आहे. १९ तारखेला सिकलसेल दिनाच्या कार्यक्रमात मला बोलायला बोलावलंय. काय बोलू ते ठरलेलं नाही. ताईच्या हातून सांडगे आणि मेथीचे लाडू पाठवतेय, पोरांना पण दे.

त्या मुलाच्या आईशी तू बोललास का? बोलला नसशील तर बोल. आणि स्नायू फुटले की रक्तात वाढतं ते सीपीके त्याचं किती आलं होतं, तो आकडा मला पाठव.

तुझी,
आई