तो ग्राइंडर भंगारात देऊ नकोस

मालवण,
आश्विन शुद्ध नवमी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा घरात पाहुणे होते, धड बोलता आलं नाही. पण जाता जाता तू जे म्हणालास ते रात्रभर डोक्यातून गेलं नाही. "बाबांचा ग्राइंडर जाम झालाय, शेड रिकामी करतोय, किलोवर देऊन टाकतो." आज खंडेनवमी. सकाळीच हत्यारं पुसून मांडली, सातही ग्राइंडरांना हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. आज यंत्राला हात लावायचा नाही, त्यामुळे दिवस मोकळा आहे आणि तो तुझ्यासाठी ठेवलाय. हे पत्र पुरतं वाचून होईपर्यंत भंगारवाल्याला निरोप धाडू नकोस, एवढं माझं ऐक.

काकांचा तो धार लावायचा ग्राइंडर मला तुझ्याइतकाच आठवतो. वेंगुर्ल्याच्या शेडमध्ये फणसाच्या जाड फळीवर चार बोल्टांनी आवळलेला, करड्या रंगाचा, बिडाचा. लाँचच्या शाफ्टच्या चाव्या, शेजारपाजारचे कोयते, सुताराच्या पटाश्या, सगळं काका त्यावर घासायचे. बटण दाबलं की एक पाऊल बाजूला सरकून उभे राहायचे, मनात काहीतरी मोजायचे आणि मगच दगडापुढे यायचे. आपल्याला उंबऱ्याच्या आत यायची परवानगी नव्हती. त्यामागचं कारण मला फार उशिरा कळलं, ते पुढे लिहितो.

आधी "जाम झालाय" याबद्दल. बेंच ग्राइंडरइतकं साधं यंत्र दुसरं नाही. एक शाफ्ट, त्यावर फिरणारा रोटर, भोवती तांब्याच्या तारेचं वाइंडिंग असलेला स्थिर स्टेटर, दोन टोकांना दोन बेरिंग आणि दोन दगड. कार्बन ब्रश नाहीत, गिअर नाहीत, पट्टा नाही. जाम होतो तो बहुतेक वेळा बेरिंगमुळे. आतलं ग्रीस सुकून मेणासारखं घट्ट होतं, त्यात दगडाची भुकटी बसते. शिवाय आपल्या खाऱ्या हवेत रोटर आणि स्टेटर यांच्यामधल्या फटीत गंज चढतो. ती फट असते अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. एवढीशी जागा भरायला किनाऱ्यावरचे दोन पावसाळे पुरतात. आतली मोटार मात्र पुष्कळदा शाबूत असते.

यंदा जूनमध्ये देवगडकडच्या एका बंद पडलेल्या भातगिरणीतून मी असाच एक आणला. आठ इंची, गळक्या कौलाखाली किती वर्षं पडून होता कोण जाणे. शाफ्ट तसूभर फिरत नव्हता. दोन्ही नटांना चार दिवस रोज सकाळ-संध्याकाळ गंज सोडवायचं तेल पाजलं. इथे एक गोष्ट लक्षात ठेव: समोर उभं राहिलं की डाव्या हाताकडच्या नटाला उलटे आटे असतात. सुरू होतानाच्या झटक्याने नट सैल होऊ नये म्हणून तशी रचना केलेली असते. हे माहीत नसलेला माणूस डावा नट नेहमीच्या दिशेने सोडवायला जातो, तो आणखी आवळला जातो आणि शेवटी आटे तरी जातात नाहीतर शाफ्ट वाकतो. दिशा पाठ करायची गरज नाही. पान्ह्याचा दांडा उभा धरायचा आणि आपल्याकडे ओढायचा, दोन्ही बाजूंचे नट त्याच ओढीने सुटतात.

बाजूचं कव्हर काढलं तर हवेच्या झरोक्यात कुंभारमाशीचं मातीचं घर. चांगलं अंगठ्याएवढं, आतून गुळगुळीत, लाल मातीचं. माशी कधीच उडून गेलेली. ते मी फोडलं नाही, सोडवून खिडकीत ठेवलंय. त्याच्यामागे वाइंडिंग होतं, वार्निश काळपट पडलेलं, पण जळका वास नाही. तो वास नाही म्हटल्यावर माझा अर्धा जीव खाली आला. बेरिंग निघाले ६२०४ नंबरचे. या नंबरात शाफ्टचं माप लपलेलं असतं. शेवटच्या ०४ ला पाचाने गुणलं की २० मिलिमीटर. (६२०३ ला हा हिशेब लागत नाही, ते १७ चं असतं.) इतक्या वर्षांपूर्वीच्या यंत्राचा बेरिंग आज कणकवलीच्या दुकानात त्याच नंबराने मिळतो, याचं मला दर वेळी समाधान वाटतं. नवे घेताना दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेले घेतले, म्हणजे भुकटी आणि खारी हवा आत शिरत नाही.

वाइंडिंगमध्ये दमट हवा मुरलेली होती. वाइंडिंगमधून वीज गळते का ते मोजणाऱ्या ५०० व्होल्टच्या मेगरवर अर्धा मेगओहमसुद्धा दाखवेना. घाईने वीज जोडली असती तर तिथेच जळालं असतं. मी आंब्याची लाकडी पेटी घेतली, आतून ॲल्युमिनियमची फॉइल लावली, स्टेटर मध्ये ठेवला आणि बाजूला १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब लावला. तीन दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत, मी जवळ असेन तेव्हाच. चौथ्या दिवशी काटा वीस मेगओहमच्या पुढे गेला. मग वार्निशचा एक हात दिला. बाहेर धो धो पाऊस आणि पडवीत ती पेटी उबदार, हापूसचा वास अजून लाकडात. हे लिहितानाही तो वास येतोय बघ.

वाइंडिंग खरंच जळलेलं असेल तर भरून घ्यावं लागतं, आणि तिथे समोर उभं राहून भरून घे. माझ्या तिसऱ्या ग्राइंडरला एका दुकानात तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार भरून दिली. दहा मिनिटांत अंग भाजेल इतका तापायला लागला. तांब्याच्याच जाडीची ॲल्युमिनियमची तार वीज कमी वाहते आणि जागा तर तेवढीच, म्हणजे तापणारच. पुन्हा सगळं उपसावं लागलं.

गार्ड (दगडावरचं झाकण) आणि रेस्ट (वस्तू टेकवायची पट्टी) यांच्यावरचा गंज मी आता घासून काढत नाही. प्लास्टिकच्या टबात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, दहा लिटरला दोन-तीन चमचे. गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या वजा टोकाला, आणि सळईचा जुना तुकडा अधिक टोकाला. १२ व्होल्टवर रात्रभर. सकाळी गंज काळी साय होऊन सुटतो आणि मूळ बीड जसंच्या तसं राहतं. हे अंगणातच करायचं, कारण हायड्रोजन निघतो. सळईऐवजी स्टेनलेस स्टील कधीही वापरायचं नाही, त्यातलं क्रोमियम पाण्यात विषारी होऊन उतरतं. आणि बाहेर काढल्यावर क्षणाचीही उसंत नाही. कढत पाण्याने धुऊन, पुसून, लगेच तेल. श्रावणात मालवणात नागडं लोखंड चहा पिऊन होईपर्यंत पिवळं पडतं.

रंगाबद्दल मात्र तुला हात जोडून सांगतो. माझ्या पहिल्या ग्राइंडरचा मूळ रंग मी खरवडून काढला आणि वर चकचकीत हिरवा ऑइलपेंट मारला. त्या घासाघाशीत नेमप्लेटवरची अक्षरंही गेली. कुणी बनवला, कधी बनवला, किती हॉर्सपॉवरचा, सगळं पुसलं गेलं. त्याचं दुःख मला आजही आहे. काकांच्या ग्राइंडरवर तो करडा रंग जिथे हात टेकायचा तिथे झिजून बीड उघडं पडलंय. ती झीज तशीच राहिली पाहिजे. उघड्या जागी पातळ तेलाचा हात, बास.

एक गोष्ट मात्र अजिबात जपायची नाही, ती म्हणजे दगड. जुन्या ग्राइंडरचं सगळं वाचवावं, दगड काढून टाकावा. हे मला कसं कळलं ते कधी कुणाला लिहिलं नव्हतं. दुसरा ग्राइंडर दुरुस्त केला तेव्हा त्याच्यावरचा दगड दिसायला अखंड होता, म्हणून तसाच ठेवला. बटण दाबलं आणि मागच्या टेबलावरचा कोयता घ्यायला वळलो. बंदुकीसारखा बार झाला. दगडाचा तुकडा मंगलोरी कौल फोडून परसात गेला. मी समोर असतो तर आज हे पत्र लिहायला नसतो. आवाज ऐकून शेजारचे म्हातारे टर्नर धावत आले. आधी मला खालपासून वरपर्यंत चाचपलं, मग एवढंच विचारलं, "मेल्या, दगड वाजवन बघलंस काय?"

वाजवून बघायचा म्हणजे काय, ते त्यांनी दाखवलं. दगड उतरवून बोटावर किंवा काठीवर टांगायचा, स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने कडेपासून बोट-दोन बोटं आत, उभ्या मधल्या रेषेच्या दोन्ही अंगांना तिरकं टिचकवायचं. मग थोडा फिरवून पुन्हा. सिरॅमिक बांधणीचा चांगला दगड घंटेसारखा वाजतो. तडा गेलेला असेल तर फुटक्या मडक्यासारखा भद्द आवाज. डोळ्यांना न दिसणारी चीर कानाला कळते. त्या दिवशी मी उरलेले सगळे जुने दगड वाजवले. पाचांतले दोन बद्द निघाले.

हिशेब करून बघ. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, दोन पोलची मोटार मिनिटाला २८५० च्या आसपास फिरते. सहा इंची दगडाची कड त्या वेगाने ताशी ८० किलोमीटरने धावत असते, आठ इंचीची १०० च्या पुढे. तुकडा सुटला तर त्याच वेगाने सुटतो. काका बटण दाबून बाजूला का सरायचे, मनात काय मोजायचे, ते मला त्या फुटलेल्या कौलाखाली उभं राहून समजलं. नवा दगड बसवला की पहिलं मिनिटभर बाजूला उभं राहायचं. ते मिनिट मोजत असायचे. आणि आपल्याला उंबऱ्याबाहेर ठेवायचे.

नवा दगड घेशील तेव्हा लेबल वाच. डब्ल्यूए ६० के ५ व्ही असं काहीतरी असतं. पहिली अक्षरं दगड कशाचा ते सांगतात, ६० म्हणजे रवाळपणा, के म्हणजे बांधणी किती मऊ-कडक, व्ही म्हणजे सिरॅमिक बांधणी. कमाल फेरेही लिहिलेले असतात, ते मोटारीच्या फेऱ्यांपेक्षा जास्तच हवेत. यातला 'ए' म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, म्हणजे आपला कुरुंदच. पूर्वी शिकलगार कुरुंदाची पूड लाखेत बांधून धारेची चाकं करायचे. आज तोच पदार्थ भट्टीत तयार होतो. आणि दगड कुठून आणायचा याची काळजी आपल्या किनाऱ्याला नसावी, उरणजवळ मोऱ्याला १९४१ पासून ग्राइंडिंग व्हील बनतात.

रेस्ट आणि दगड यांच्यातली फट तीन मिलिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर वस्तू आत ओढली जाते. दगडाच्या दोन्ही बाजूंना कागदी वायसर आणि त्याला दाबून धरणाऱ्या सारख्या मापाच्या चकत्या, म्हणजे फ्लँज, हवेतच. पितळ, ॲल्युमिनियम त्यावर घासायचं नाही, दगड भरतो. पटाशीला धार लावताना दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवायची. धारेवर निळा रंग चढला की तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं समज. आमच्या लोहाराचे कोयते ट्रकच्या कमानपाट्याचे असतात, त्यांचंही तेच. घाई केली की उत्तम कोयता आठवड्यात बोथट होतो.

तुझा ग्राइंडर बहुधा थ्री फेजचा आहे, कारण शेडला तेव्हा तशी लाइन होती. घरी सिंगल फेज आहे म्हणून तो निकामी ठरत नाही. प्लेटवर व्होल्ट ४०० च्या वर आणि फेज ३ असेल तर आतली जोडणी बहुधा स्टार असेल, म्हणजे तिन्ही वाइंडिंगांची एकेक टोकं एकत्र बांधलेली. तिचा सांधा वाइंडिंगमध्ये बांधून टाकलेला असतो. तो अलगद शोधून सहा वायरी बाहेर काढल्या आणि डेल्टात, म्हणजे एकाचं टोक दुसऱ्याला असं त्रिकोणात, जोडल्या की छोट्या व्हीएफडीवर (सिंगल फेजची थ्री फेज करून देणारी पेटी) घरच्या विजेवर चालतो. फक्त व्हीएफडीचा आकडा ५० हर्ट्झच्या वर कधी न्यायचा नाही, दगड त्या वेगासाठी नसतो. हे काम मी दोनदा केलंय, तिसऱ्यांदा काकांच्या ग्राइंडरसाठी करीन.

जागा नसेल तर माझ्याकडे राहू दे. आठव्यासाठी मी फळी मोकळी करतो. पण खरं सांगू? तो तुझ्याच घरी असावा असं मला वाटतं. तुझी लेक परवा विचारत होती, आजोबा काय काम करायचे म्हणून. फोटो दाखवून ते सांगता येत नाही रे. तो करडा घूं घूं आवाज ऐकला की तिला कळेल.

मी कोजागिरीच्या आदल्या दिवशी सकाळच्या एसटीने येतो. बेरिंग ओढून काढायचा पुलर, मेगर आणि सहा इंची नवा दगड घेऊन येईन. तोवर दोन कामं कर. नेमप्लेट ओल्या फडक्याने हलकेच पूस आणि तिचा फोटो पाठव. आणि दोन्ही नटांना रोज दोन थेंब तेल घाल. पान्हा लावू नकोस, ते आपण दोघं मिळून करू.

वहिनींना नमस्कार, लेकीला गोड पापा.

तुझाच,
मालवणचा मित्र