ग्रुप फोटो उरकायचा नसतो रे

प्रिय सोनू,

काल फोनवर तू म्हणालास की आई, मी फक्त कँडिड करणार, म्हणजे पोझ न देता नकळत टिपलेले फोटो, ग्रुप फोटो काय दहा मिनिटांत उरकून टाकेन, ते तर कोणीही काढतं. तू घाईत होतास म्हणून मी काही बोलले नाही, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. पहिल्यांदा एकटा लग्न कव्हर करायला निघालायस, त्याआधी हे वाच. लांबणार आहे, निवांत वाच.

कँडिड वाईट असं मी मुळीच म्हणत नाहीये. तुझा हात त्यात फार चांगला आहे, नवरी बोलता बोलता नवऱ्याकडे बघते आणि सगळ्या गर्दीत तेवढं एकच बघणं तू बरोबर उचलतोस, हे शिकवून येत नाही. जोडप्याला लगेच आवडतात तेच फोटो, स्टेटसला लागतात तेच. पण लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर मला जे फोन येतात ना, ते त्या फोटोंसाठी येत नाहीत. "मॅडम, आमच्या लग्नात माझे बाबा होते, त्यांचा एखादा नीट फोटो मिळेल का", "आजीचा चेहरा दिसेल असा आहे का". एकीने भावाचा फोटो मागितला होता. तो गेल्यावर घरात शोधलं तर त्याचा धड एक फोटो नाही, कारण घरात कायम कॅमेरा त्याच्याच हातात असायचा. लग्नाच्या ग्रुपमध्ये तो शेवटच्या रांगेत अगदी कडेला उभा होता, हसत होता, आणि शार्प होता. मी रॉ फाईल (कॅमेऱ्यातली मूळ, न दाबलेली फाईल) काढली, तेवढा चेहरा कापून घेतला आणि पाठवला. त्या दिवशी मी काढलेला सगळ्यात महत्त्वाचा फोटो तोच होता, आणि काढताना मला त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

म्हणून म्हणते, कडेच्या माणसाकडे बघ. रूम छोटी म्हणून वाइड लेन्स लावतात, २४ एमएम, आणि मग कडेचे चेहरे ताणले जातात, रुंद दिसतात, आणि कडेला नेहमी कोण असतं, लाजणारी माणसं किंवा उशिरा आलेली. शक्यतो ३५ किंवा ५० एमएमची लेन्स लाव आणि तू मागे सरक. आणि ते तुझं लाडकं एफ १.८, म्हणजे लेन्सचं तोंड एवढं मोठं उघडणं, तिथे नको, त्यात थोड्याच अंतरावरचं स्पष्ट येतं, तीन रांगा असतील तर मागची रांग सॉफ्ट होणारच, ५.६ किंवा ८ वर जा, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे. त्याने फोटोत येणारे दाणे, म्हणजे नॉइज, काढता येतो, हललेला किंवा आउट ऑफ फोकस चेहरा नाही आणता येत परत.

आणि एकच क्लिक करून "झालं" म्हणू नकोस. डोळे मिटण्याचं गणित खरंच कोणीतरी केलंय बरं का, ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेच्या निक स्वेन्सन आणि पियर्स बार्न्स यांनी. २००६ चं गणिताचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारं गमतीचं बक्षीस, त्यांना मिळालं. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर माणसांच्या संख्येला ३ ने भागायचं, उजेड कमी असेल तर २ ने, तेवढे फोटो काढले की एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे मिळण्याची चांगली शक्यता असते. म्हणजे १८ माणसांना सहा, अंधाऱ्या हॉलमध्ये नऊ. रोलच्या काळात ३६ फोटोंत सगळं बसवताना आम्हाला हे परवडायचं नाही, तुला परवडतं, मग कंजुषी कशाला.

नावांची यादी आधीच घे. जोडप्याकडून नको, त्यांना त्या दिवशी काही सुचत नसतं, दोन्ही घरांतल्या एकेका माणसाला धर ज्याला सगळे ओळखतात आणि ज्याचा आवाज मोठा आहे. म्हातारी माणसं आधी घे, त्यांना उभं राहायला लावू नकोस, खुर्ची दे. कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे तेही हळूच विचारून घे, म्हणजे सगळ्यांसमोर "तुम्ही जरा यांच्या जवळ या" असं तुझ्या तोंडून जायचं नाही.

आणि फोटोसाठी कुणाला कुठली गोष्ट परत करायला लावू नकोस. हल्ली हे फार चाललंय, मिठी मारली की "परत एकदा, इकडे बघून". अरे ते मिठी मारतायत कारण त्यांना मारावीशी वाटली. तुझं सुटलं तर सुटलं, पुढचं बघ. कामाचा दिवस तुझा असेल, पण लग्न त्यांचं आहे. पाहुण्यांच्या तोंडासमोर उभा राहू नकोस, ७०-२०० ची लांबून जवळचं दाखवणारी झूम लेन्स घे आणि बाजूने काढ.

मला एक गोष्ट फार आवडते. राणी व्हिक्टोरियाचं लग्न झालं १८४० मध्ये. फोटोग्राफी आदल्याच वर्षी जगासमोर आली होती, त्यामुळे त्या लग्नाचा एकही फोटो नाही. जॉर्ज हेटर नावाच्या चित्रकाराने त्याचं मोठं चित्र काढलं, आणि त्यातले चेहरे नीट यावेत म्हणून हजर असलेल्या माणसांना नंतर आपल्यासमोर बसवून घेतलं. विचार कर, राणी आणि तिचा नवरा एवढ्यावर चित्र झालं असतं की. पण कोण कोण आलं होतं हे त्यातही हवंच होतं. तू ज्याला उरकणं म्हणतोस ना, त्यासाठी त्या माणसाने केवढी खटपट केली बघ.

आता थोडं कामाचं, पटापट. दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं आदल्या रात्री सेकंदापर्यंत जुळव, नाहीतर एडिटिंगला बसलास की दोन कॅमेऱ्यांचे फोटो मागेपुढे होतील. कॅमेऱ्यातल्या दोन्ही मेमरी कार्डांवर एकदम रेकॉर्डिंग लाव. हॉलमध्ये एलईडी असले की फोटोत आडवे पट्टे येतात, तेव्हा शटर १/१०० किंवा १/५० सेकंदावर आण (वीज ६० हर्ट्झची असेल तिथे १/१२० किंवा १/६०), आणि सायलेंट मोड बंद कर, इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये ते पट्टे जास्त दिसतात. घरी आल्यावर कितीही दमला असलास तरी कॉपी केल्याशिवाय झोपायचं नाही. तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. तोपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही म्हणजे नाही.

आणि निवडताना. हजारो फोटोंतून शेकड्यांवर यायचं तेव्हा हात सढळ ठेव. जो फोटो तुला साधा वाटतो, लाइट खास नाही, बॅकग्राउंडला कुणीतरी खुर्ची उचलतंय, पण त्यात एक काका पोटभर हसतायत, तो टाकून देऊ नकोस. तुझ्या पोर्टफोलिओत नको ठेवूस, पण त्यांना दे. ते काका तुला कोणीच नाहीत, पण त्या घरात कुणाचे तरी बाबा आहेत.

लग्न आटोपलं की कितीही वाजले असोत मला फोन कर. फोटो कसे आले ते नंतर सांग, आधी कार्ड कॉपी झाली का ते सांग. आणि यादीतलं कोण राहिलं असेल तर तेही तेव्हाच सांग, दुसऱ्या दिवशी पाहुणे निघायच्या आत अर्धा तास जाऊन काढता येतं, मी बऱ्याचदा तसं केलंय, लोक आनंदाने थांबतात.

तुझी,
आई