वाळवीचं औषध सोमवारी मारायचं ठरलंय

ती. आई आणि बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा 'बघू' म्हणाले असते आणि ते बघणं पुढच्या पावसाळ्यापर्यंत चाललं असतं. म्हणून लिहितेय. सोमवार-मंगळवार घराला वाळवीचं औषध करून घ्यायचं मी ठरवलंय, माणसंही सांगून झाली आहेत. तुम्हाला न विचारता ठरवलं, ही चूक माझीच. शनिवारी मी न्यायला येते आणि गुरुवारी सकाळी परत सोडते. रागवायचं ते गाडीत रागवा.

आधी तुमच्या सोयीचं. आई, तुझ्यासाठी खालची खोली ठेवली आहे, जिना चढायचा नाही. तुझी चपटी उशी आणि पायाखालचा पाट मी गाडीत घालीन. बाबांचं वाफेचं यंत्र, पंप आणि गोळ्यांची डबी एकाच पिशवीत भरा आणि ती पिशवी हातात ठेवा, डिकीत नको. औषध वाळून घर हवेशीर व्हायला खरं तर काही तास पुरतात. पण ड्रिलची सिमेंटची धूळ त्याहून जास्त टिकते आणि बाबांच्या दम्याला औषधापेक्षा तीच अधिक नडेल. पुसून-झाडून होईपर्यंत तुम्ही तिथे नसलेलंच बरं.

आता बाबा, तुमच्याशी. मागच्या खोलीतली ती मातीची रेघ तुम्ही दर पंधरा दिवसांनी खरवडता आणि वर रॉकेल शिंपडता, हे आईने सांगितलं. तिच्यावर चिडू नका. रॉकेल ज्या किड्यांच्या अंगावर पडतं तेवढेच मरतात. वाळवीचं घर जमिनीत असतं, भिंतीवर दिसतो तो नुसता रस्ता. कामकरी वाळवी आंधळी, अंग मऊ, उघड्या हवेत लगेच सुकणारी. म्हणून ती माती, लाळ आणि विष्ठा कालवून बोरूएवढी नळी बांधते आणि तिच्या आतून जमिनीतली ओल सांभाळत लाकडापर्यंत ये-जा करते. नळी मोडली की ती दुसरीकडून वर येते. या वर्षी तुमच्या कपाटामागून निघाली ती अशीच. तुमचे कष्ट वाया गेले असं मी म्हणत नाही. त्या रेघेवर तुमची नजर होती म्हणूनच वेळेत कळलं. पण आता ती खरवडू नका. बोटाच्या पेराएवढा एकच तुकडा मोडून ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी बघा. ओल्या, गडद मातीने बुजवला असेल तर वाळवी चालू आहे. कोरडाच राहिला तर त्या वाटेने सध्या कुणी जात नाही. येणाऱ्या माणसांनाही त्यावरून कुठे भोकं पाडायची ते कळेल.

आपण करायचा उपाय एकच, जमीन आणि घर यांच्यामध्ये औषधाच्या मातीचा अखंड पट्टा घालायचा. 'अखंड' हा शब्द महत्त्वाचा. औषधं दोन जातींची मिळतात. बायफेन्थ्रिन, सायपरमेथ्रिनसारखी वाळवीला जाणवतात, ती त्यांच्यापासून लांब राहते आणि पट्ट्यात बारीकशी फट राहिली तरी नेमकी तिथून आत शिरते. इमिडाक्लोप्रिड, फिप्रोनिल ही तिला जाणवतच नाहीत. ती त्या मातीतून बिनधास्त जाते, अंगाला लागलेलं बाकीच्यांना चाटण्या-घासण्यातून देते आणि मरते सावकाश. म्हणून मी इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के निवडलं. क्लोरपायरिफॉस मुद्दाम टाळलं, त्याचा वास उग्र आणि ते मज्जासंस्थेवर काम करणाऱ्या ऑर्गॅनोफॉस्फेटच्या कुळातलं. बाबांच्या छातीजवळ मला ते नको. पूर्वीचं औषध तीस-तीस वर्षं टिकायचं हे तुमचं म्हणणं खरं आहे, पण ती अल्ड्रिन-क्लोरडेनची कमाल होती. ती मातीत आणि माणसाच्या चरबीत साठून राहतात, म्हणूनच अशा टिकून राहणाऱ्या विषारी रसायनांना आवर घालणाऱ्या २००१ च्या स्टॉकहोम कराराच्या पहिल्या बारा रसायनांत त्यांची नावं आली. हे औषध तेवढं टिकणार नाही. काही वर्षं टिकेल, मातीवर आणि ओलीवर अवलंबून. तेवढं मला पुरे.

हिशोब देते, म्हणजे तुमचं समाधान होईल. घराचा बाहेरचा घेर २४ मीटर. जोत्याला लागून अर्धा फूट रुंद आणि अर्धा फूट खोल चर, त्याच्या तळाला दर फुटावर सळईने भोक. एक फूट खोलीपर्यंत माती भिजवायला मीटरमागे ५ लिटर द्रावण लागतं, म्हणजे १२० लिटर. आत मागची खोली आणि तुमची खोली मिळून भिंतीकडेची लांबी ९ मीटर. फरशी आणि भिंतीच्या कोपऱ्यात दर ३० सेंमीवर १२ मिमीचं एक भोक, अशी ३० भोकं, प्रत्येकात १ लिटर. एकूण १५० लिटर. औषध लिटरमागे २.१ मिलि, म्हणजे ३१५ मिलि. पावकी-निमकी तुम्हीच पाठ करून घेतली होती, ताळा करून बघा.

हा आकडा सांगायचं कारण आहे. औषध कमी पडतं ते बहुधा बाटलीत नाही, पाण्यात. माणसं घाईत असली की दीडशे लिटरऐवजी साठ लिटरमध्येच काम उरकतात, वरची माती काळी दिसते आणि खाली कोरडी राहते. म्हणून मी स्वतः हजर राहून पिंप मोजणार आहे. टाकीत आधी निम्मं पाणी, मग औषध, ढवळून उरलेलं पाणी, हा क्रम. कालवलेलं त्याच दिवशी संपवायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही. चरात ओतून झालं की काढलेली माती तशीच कोरडी लोटायची नाही, तिलाही औषध पाजून मग भरायची. कोरडी लोटली तर वरच्या अर्ध्या फुटात पट्टाच राहत नाही.

पाण्याच्या टाकीकडच्या बाजूला दाबाने काहीही सोडू देणार नाही. तिथली माती प्लास्टिकच्या कागदावर काढून घ्यायची, त्यावरच औषध कालवायचं, मुरलं की परत भरायची. वेळ दुप्पट लागतो, पण टाकीत थेंब उतरायची भीती राहत नाही. पाऊस झाला किंवा माती चिखलासारखी असली तर काम पुढे ढकलू. भिजलेली माती औषध धरत नाही, ते वाहून जातं. आतल्या भोकांनाही दाब कमीच हवा, जोर लावला तर औषध फरशीच्या सांध्यातून वर उसळतं. भोकं फरशीच्या अंगात नाही, सांध्यात पाडायची, म्हणजे फरशी तडकत नाही. नंतर पांढऱ्या सिमेंटने बुजवतील, आई, तुला शोधूनही सापडणार नाहीत. बाबा, नळाच्या आणि विजेच्या लपलेल्या लायनी कुठून गेल्यात ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. भिंतीवर खडूने रेघा मारून ठेवा, प्लीज. हे काम मी खरंच करू शकत नाही.

चौकटींना भिंत आणि लाकूड जिथे भेटतं तिथे ६ मिमीची तिरकी भोकं पाडून औषध पिईल तेवढं सोडतील. मागच्या दाराची चौकट मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघितली होती. खालून वीतभर आवाज भदभदा येतो, टोक टेकवलं की कागदासारखं आत जातं. ती बदलावी लागेल. पण आधी औषध, मग सुतार. उलट केलं तर नवं लाकूड वाळवीला जेवायला वाढल्यासारखं. नव्या चौकटीला रंग लावण्याआधी कोऱ्या लाकडावर बोरेटचे, म्हणजे लाकूड वाळवीपासून राखणाऱ्या क्षाराचे, दोन हात देऊ, रंगावरून दिलेलं बोरेट आत उतरत नाही.

शुक्रवारपर्यंत एवढं करा. आई, तू काहीही उचलायचं नाहीस, गुडघ्याचं नाटक मला माहीत आहे, दुखत नाही म्हणतेस आणि रात्री चोळत बसतेस. शेजारच्या मुलांना सांगितलंय. भिंतीला लागलेलं सगळं सामान दीड-दोन फूट पुढे ओढायचं. स्वयंपाकघरातली भांडी आणि डबे बंद कपाटात किंवा मोठ्या प्लास्टिकखाली. माशांची टाकी त्या चार दिवसांसाठी शेजारी, ती झाकूनही भागणार नाही, कारण हवेचा पंप बाहेरची हवा पाण्यात ओढतो. मांजरीला मी पिंजऱ्यातून आणते. जोत्याला टेकलेल्या कुंड्या अंगणाच्या कडेला. ती जागा त्यांना आता परत मिळणार नाही आणि तुला वाईट वाटेल, हे ठाऊक आहे. पण रोज पाणी घातलेली माती भिंतीला टेकलेली असणं म्हणजे वाळवीला ओलाव्याचं आमंत्रण. शिवाय तिथे खुरपं चाललं की पट्टा तुटला. मोगऱ्याला नवी जागा तूच दाखव, मी खड्डा खणते. फुलावर आलेल्या झाडांवर औषधाचा शिंतोडाही नको, मधमाशा मरतात.

मुंग्यांचं वेगळं. त्या जमिनीवरून, खिडकीतून, तारेवरून येतात, मातीतला पट्टा त्यांना फारसा अडवत नाही. आई, ओट्यावर स्प्रे मारणं थांबव. स्प्रेने रांग मरते, वारूळ नाही, आणि काही जातींच्या घरमुंग्या बिथरल्या की एका वारुळाची चार करतात. १०० मिलि कोमट पाण्यात १० ग्रॅम साखर आणि १ ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळव, कापसाचा बोळा भिजवून झाकणात ठेव आणि ते झाकण रांगेच्या कडेला, सिंकखाली मागे. ओट्यावर नाही. बोरिक जास्त घातलंस तर मुंग्या वाटेतच मरतात आणि वारुळात काही पोचत नाही. पहिले दोन दिवस गर्दी वाढेल, घाबरून पुसू नकोस. बोळा दोन-तीन दिवसांनी बदल, आठवडा-दोन आठवडे लागतात. मोजायला माझा छोटा काटा आणते, चमच्याच्या अंदाजाने नको. बाटलीवर 'विष' असं मोठ्या अक्षरात लिही, दिसायला ते साधं पाणीच आहे. आणि मुंग्यांचा खडू घरातून काढून टाक. पिंकी आली की जमिनीवर चित्रं काढते, तिला दोन खडूंतला फरक कसा कळणार?

परत आल्यावर महिनाभर कुठेतरी वाळवी दिसेल. औषध फसलं असं समजून बाबांनी त्यावर काही मारायचं नाही. या औषधाचं कामच सावकाशीचं आहे, वर दुसरा उग्र स्प्रे बसला की वाळवी ती वाटच सोडते. दिसली तर फोटो काढून मला पाठवा. पहिल्या पावसात दिव्याभोवती पंखवाले किडे आले तर एक पकडून बघा. चारही पंख सारखे आणि कंबर जाड असेल तर वाळवी. पुढचे पंख मोठे, कंबर बारीक आणि मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतील तर मुंगी. खिडकीच्या आतल्या बाजूला गळलेल्या पंखांचा ढीग दिसला तर मात्र रात्रीही फोन करा. एसीचं पाणी जोत्यापाशी ठिबकतं, ती नळी लांब न्यायला प्लंबरला सांगितलंय. तो आला नाही तर मला कळवा, स्टुलावर चढू नका. बाबा, हे तुम्हाला.

एक गोष्ट राहिली. न्हाणीघरात मांडणीच्या मागे कोल्ड्रिंकच्या बाटलीत पांढरट पाणी आहे, ते मला दिसलं होतं. तेव्हा बोलले नाही, आता सांगते. ते मोरीत ओतू नका, झाडाला घालू नका, वासही घेऊ नका. झाकण घट्ट करून तिथेच राहू दे, मी हातमोजे घालून घेऊन जाईन. चुकून कुणाच्या पोटात काही गेलंच तर उलटी काढायची नाही, बाटली बरोबर घेऊन सरळ दवाखान्यात जायचं. आणि मूळ डबा कुठे आहे ते फोनवर सांगा, त्यावरचं नाव मला हवंय.

शनिवारी दहापर्यंत पोचते. डबा भरत बसू नकोस आई, वाटेत थांबू.

तुमची
चिमी

ता. क. आजीची पेटी ओढायचा प्रयत्न करू नका. तिच्या तळाला मागच्या बाजूने माती लागलेली आहे आणि ओढली तर तळ जमिनीवरच राहील. आतल्या साड्या मी आल्यावर एकेक करून वरून काढू.