वेदनाशामक गोळ्यांची नोंद केसपेपरवर हवी

संपादक महोदय,

गरोदर बाईचा केसपेपर काढताना रक्तगट, हिमोग्लोबिन, शुगर सगळं विचारलं जातं. कंबर दुखली की काय घेता, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. बाळंतपणाच्या वॉर्डात नोकरी झालेली परिसेविका म्हणून सांगते, रिपोर्टांची पिशवी उपडी केली की तळाशी ट्रामाडॉल या अफूच्या जातीच्या वेदनाशामकाची अर्धी संपलेली स्ट्रिप निघते. सासूबाईंच्या गुडघ्यासाठी आणलेली. २०१८ पासून हे औषध अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे, याचा घरात पत्ताही नसतो.

वार (प्लॅसेंटा) बाळाला सगळ्यापासून राखते, असा आपल्याकडे समज आहे. इन्सुलिन, हेपॅरिन यांचे रेणू मोठे असतात, ते वारेतून जवळजवळ जातच नाहीत. पण ट्रामाडॉल आणि त्याच जातीची कोडीन, मॉर्फिन, पेथिडीन यांचे रेणू लहान. ते पाझरून बाळाच्या रक्तात उतरतात. बाळाचं रक्त आईच्या रक्तापेक्षा थोडं आम्लधर्मी असतं, त्यामुळे आत गेलेलं औषध तिथेच अडकून राहतं. बाळ पोटात गुदमरत असेल तर जास्तच. त्यात त्याचं यकृत कच्चं. आईच्या अंगातून पेथिडीन काही तासांत उतरतं, पण त्यापासून तयार होणारा नॉरपेथिडीन हा घटक बाळाच्या अंगात काही दिवस रेंगाळतो.

कळा असह्य झाल्या म्हणून एका दवाखान्यात पेथिडीन दिलं जातं, मग बाई दुसरीकडे रेफर होते आणि चिठ्ठीवर इंजेक्शनची वेळ नसते. इंजेक्शननंतर दोन-तीन तासांनी जन्मलेलं बाळ सगळ्यात सुस्त असतं, श्वास घेत नाही. अशा वेळी आधी अंबू बॅग, म्हणजे श्वास देण्याची हातपिशवी, लागते. नॅलोक्झोन हा उतारा द्यायचा की नाही, हे डॉक्टर नंतर ठरवतात. आई महिनोन्‌महिने अशा गोळ्या घेत असेल तर त्याच नॅलोक्झोनने बाळाला झटके येऊ शकतात. म्हणून ही माहिती आधी हातात हवी.

अशा आईचं बाळ जन्मतः ठणठणीत दिसतं. एक-दोन दिवसांनी किंचाळून रडू लागतं, हातपाय थरथरतात, शिंका येतात, दूध ओढत नाही, जुलाब होतात. नातेवाईक दृष्ट काढत बसतात. खरं तर ते औषध तुटल्याचं दुखणं असतं आणि त्यावर उपचार आहेत.

आरोग्य विभागाने केसपेपरवर आणि माता-बाल संरक्षण कार्डावर वेदनाशामकांसाठी एक रकाना घालावा. रेफर चिठ्ठीवर औषध, मात्रा आणि घड्याळाची वेळ सक्तीची करावी.

रोज अशा गोळ्या घेणाऱ्या गरोदर भगिनींनी त्या एकदम बंद करू नयेत, त्याने वेळेआधी कळा सुरू होण्याची भीती असते. डॉक्टरांना सांगा, ते मात्रा हळूहळू उतरवतात किंवा दुसरं औषध देतात. आणि बाई हे सांगत असताना आमच्या सिस्टर मुलींनी कपाळाला आठी घालू नये. एकदा बोलणी खाल्ली की ती पुढच्या तपासणीला स्ट्रिप घरीच ठेवून येते.

— एक निवृत्त परिसेविका, कराड