राऊटर बदलल्यावर प्रिंटर चालू करून देणाऱ्या फायबरवाल्या भाऊंचे जाहीर आभार

प्रिय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

गावागावात फायबर आलं, जुने राऊटर निघाले, नवे बसले, आणि घरोघरचे चांगले चालते प्रिंटर एका दिवसात ‘ऑफलाइन’ झाले. नेट जोडून देणं एवढंच तुमचं काम. प्रिंटर त्यात येत नाही आणि त्याचे वेगळे पैसेही कोणी देत नाही. तरी “प्रिंटर काहून चालत नाई?” असं कोणी विचारलं की तुम्ही शिडी बाजूला ठेवून बसता. दारव्हा तालुक्यातले आम्ही ऑनलाइन केंद्र आणि झेरॉक्सवाले दिवसभर प्रिंटरच हाताळतो, त्यामुळे तुमच्या कामातली खुबी आम्हाला दिसते. आभार नेमके कशाचे ते सविस्तर लिहितो. ज्यांच्याकडे तुम्ही अजून पोचला नाहीत त्यांनाही उपयोग होईल.

पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही प्रिंटरला आधी हातच लावत नाही. बहुतेक जण कॉम्प्युटरमधून प्रिंटर काढून टाकतात, ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) पुन्हा टाकतात आणि दुपार घालवतात. ड्रायव्हरचा इथं काहीच संबंध नसतो. प्रिंटरला राऊटरचा डबा ओळखता येत नाही. त्याच्याकडे वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार एवढंच जपून ठेवलेलं असतं. तुम्ही ब्राउझरमध्ये नव्या राऊटरच्या सेटिंगचं पान उघडता (१९२.१६८.१.१, काहींचं १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.२९.१, डब्याच्या खालच्या स्टिकरवर असतं) आणि जुन्याच राऊटरचं नाव व पासवर्ड तिथं जसाच्या तसा टाकता. लहान-मोठी (स्मॉल-कॅपिटल) अक्षरं, मधली मोकळी जागा, सगळं तेच. सुरक्षा ‘डब्ल्यूपीए२, एईएस’ वर ठेवता, कारण नवे राऊटर कधी कधी डब्ल्यूपीए३ वर येतात आणि जुन्या प्रिंटरला ते जमत नाही. एवढं केलं की प्रिंटर, टीव्ही, कॅमेरा, घरातले सगळे मोबाइल आपणहून जोडले जातात. जुना राऊटर मात्र बंद हवा. एकाच नावाचे दोन चालू राहिले तर गोंधळ होतो.

नाव देवनागरीत ठेवायचा हट्ट बऱ्याच घरी असतो. वायफायच्या नावाला ३२ बाइटची (बाइट म्हणजे मजकुराला लागणाऱ्या जागेचं माप) मर्यादा आहे आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलन्तासकट, ३ बाइट खातं. ‘श्री गजानन माऊली’ हे ४४ बाइटचं होतं, म्हणजे बसतच नाही. बसलं तरी बरेच प्रिंटर ते वाचू शकत नाहीत. महाराजांचंच नाव ठेवा पण इंग्रजी अक्षरात ठेवा, हे तुम्ही कोणाचं मन न दुखवता सांगता, त्याचंही कौतुक आहे.

दुसरा मुद्दा २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचा, म्हणजे वायफायच्या दोन पट्ट्यांचा. नवे राऊटर दोन्ही एकाच नावाखाली चालवतात. घरगुती इंक टँक प्रिंटर बहुतेक फक्त २.४ वर चालतात. आपल्याकडे घरोघर दिसणारे एप्सनचे एल ३१५० आणि एल ३२५० तसेच. मोबाइल ५ वर बसलेला, ॲप प्रिंटरला त्याच जागी जोडायला पाहतं, आणि प्रिंटरला ते नेटवर्क दिसतच नाही. तुम्ही दोन्ही नावं वेगळी करता, ५ वाल्याच्या शेवटी ५ चा आकडा लावता आणि जुनं नाव २.४ ला देता. २.४ चा चॅनल (पट्टीतला छोटा भाग) ‘ऑटो’वरून काढून १, ६ किंवा ११ वर ठेवता. आपल्या देशात १२ आणि १३ पण चालतात, पण काही प्रिंटरांना ते दिसत नाहीत, आणि ऑटोवरचा राऊटर नेमका तिथं जाऊन बसला की आज चालणारा प्रिंटर उद्या गायब होतो. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ. वेग थोडा कमी होतो, पण सातबाऱ्याच्या पानाला तेवढा पुरून उरतो.

तरीही जोडणी झाली नाही तर अंदाज न बांधता तुम्ही नेटवर्क रिपोर्टचं पान छापून घेता. आमच्या मते यातच तुमची खरी हुशारी दिसते. एल ३१५० किंवा ३२५० वर वायफायच्या बटणाशेजारी कागदाचं चित्र असलेलं बटण आहे. ते दाबलं की पान निघतं आणि बिघाड असेल तर त्यावर कोड छापलेला असतो. ई-२, ई-३ किंवा ई-७ म्हणजे नाव सापडलं नाही किंवा पासवर्ड चुकला. ई-५ म्हणजे सुरक्षेचा प्रकार जुळत नाही. ई-६ म्हणजे राऊटरमध्ये मॅक फिल्टर (ठराविक यंत्रांनाच आत घेणारी सोय) लागला असावा. ई-८ म्हणजे आयपी ॲड्रेसची, म्हणजे नेटवर्कवरच्या पत्त्याची गडबड. ज्या पानावर इलाज लिहिलेला आहे ते पान कोणी वाचत नाही, आणि मग प्रिंटर यवतमाळला दुरुस्तीला जातो.

आता पत्त्याचं. ही खोड सगळ्यात जास्त छळते, म्हणून जरा लांबवतो. प्रिंटर वायफायला जोडला, निळा-हिरवा दिवा स्थिर झाला, मोबाइलवरून प्रिंटही निघाली, पण कॉम्प्युटर ‘ऑफलाइन’च म्हणतो. कारण जुन्या राऊटरने प्रिंटरला समजा १९२.१६८.१.५ हा पत्ता दिला होता; नवा राऊटर १९२.१६८.२९.३० देतो. कॉम्प्युटर अजून जुन्याच घरी हाका मारतो आहे. तुम्ही विंडोजमध्ये प्रिंटरच्या ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मध्ये जाता, ‘पोर्ट्स’, ‘ॲड पोर्ट’, ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’, आणि रिपोर्टच्या पानावरचा नवा पत्ता टाकता. साध्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘पोर्ट्स’ नसतं, तिथं बरेच जण अडकतात. ‘डब्ल्यूएसडी’ नावाचं पोर्ट दिसलं तर त्यावर विसंबत नाही. कधी सापडतं, कधी नाही.

इथं थांबलात तर आठ-पंधरा दिवसांत वीज गेली-आली की पत्ता पुन्हा बदलू शकतो. म्हणून तुम्ही राऊटरमध्ये डीएचसीपीच्या (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) पानावर ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ करता: प्रिंटरचा १२ अक्षरांचा मॅक ॲड्रेस (यंत्राचा ओळख क्रमांक) त्याच रिपोर्टवरून घ्यायचा, समोर एक पत्ता नेमून द्यायचा, प्रिंटर बंद करून चालू करायचा. मग तो पत्ता हलत नाही. स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर आपला पत्ता वेगळा जपतं, तेही तुम्ही बदलून देता. नाहीतर प्रिंट निघते आणि स्कॅन होत नाही अशी तक्रार घेऊन माणूस पुन्हा आमच्याकडे येतो. नवं वायफाय विंडोज ‘पब्लिक’ समजतं, ते ‘प्रायव्हेट’ करायलाही तुम्ही विसरत नाही.

दोन डब्यांच्या घरांबद्दल तर तुमचे विशेष आभार. फायबरच्या डब्यातच वायफाय असतं, आणि जुना राऊटर वाया कशाला घालवायचा म्हणून तो मागच्या खोलीत लावतात, केबल त्याच्या ‘वॅन’ (बाहेरून नेट घेणाऱ्या) भोकात. मग एका घरात दोन नेटवर्क होतात. प्रिंटर एकात, लॅपटॉप दुसऱ्यात, आणि दोघांची भेट होत नाही. तुम्ही केबल ‘लॅन’ (घरातली यंत्रं जोडायच्या) भोकात घालता, जुन्या राऊटरचा डीएचसीपी बंद करता आणि त्याचा स्वतःचा पत्ता बदलता, म्हणजे दोन्ही डबे एकाच पत्त्यावर भांडत नाहीत. ज्या राऊटरला ‘ॲक्सेस पॉइंट’ मोड आहे तिथं एवढं करावं लागत नाही. आणि पाहुण्यांसाठीच्या ‘गेस्ट’ वायफायवर प्रिंटर कधीच जोडायचा नाही, तिथं यंत्रं एकमेकांना दिसू नयेत अशीच सोय असते.

जागेचं पुस्तकात कोणी लिहीत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात खिडकीत कूलर बसतो: पत्र्याची बॉडी आणि आत पाण्याची टाकी. राऊटर आणि प्रिंटरच्या मधे तो आला की सिग्नल निम्म्यावर. वर टिनाचे पत्रे असतील तर आणखी हाल. राऊटर कूलरच्या मागून काढून डोक्याइतक्या उंचीवर लावा, हा तुमचा सल्ला पैशाची वस्तू न घेता काम करून जातो. कूलरच्या ओल्या हवेत कागद ओलसर होऊन एकमेकांना चिकटतो, तो जाम वायफायचा नसतो, एवढं आमच्याकडून जोडतो.

भारनियमनात तुम्ही छोटा यूपीएस सुचवता आणि अडॅप्टर वाचूनच घ्या म्हणता: व्होल्ट तोच, अँपिअर तेवढा किंवा जास्त. त्यावर फायबरचा डबा आणि राऊटर, दोन्ही. इंक टँक प्रिंटर घरच्या इन्व्हर्टरवर आरामात चालतो. लेझर प्रिंटर नको, त्याचा हीटर एका झटक्यात शेकड्यांनी वॅट ओढतो. आणि एक गोष्ट तुम्ही सांगेपर्यंत अनेकांना पटत नव्हती. फायबर कुठं तुटलं, डब्यावर ‘लॉस’चा लाल दिवा लागला, नेट गेलं, तरी प्रिंट निघते. कॉम्प्युटर ते राऊटर ते प्रिंटर एवढाच तिचा रस्ता असतो. जेसीबीने केबल तोडली म्हणून सेव्ह केलेली पीडीएफ अडत नाही. नवा सातबारा डाउनलोड करायचा असेल तरच थांबावं लागतं.

मोबाइलचं थोडक्यात: प्रिंटर जोडताना मोबाइल डेटा बंद, लोकेशन चालू, नाहीतर ॲपला वायफाय दिसत नाही. राऊटरला डब्ल्यूपीएसचं (पासवर्ड न टाकता जोडायचं) बटण असेल आणि ते सुरू असेल तर ते दाबून २ मिनिटांच्या आत प्रिंटरचं वायफाय बटण दाबून धरायचं.

जिथं होत नाही तिथं तुम्ही होत नाही म्हणता, हेही नोंदवतो. एचपीचा एम १००५ प्रिंटर आपल्या भागात अजून ढीगभर घरी आहे. त्याला वायफाय नाही, फक्त यूएसबी. कोणतं ॲप टाकून तो वायफायवर येईल असं सांगणारे कमी नाहीत. तुम्ही सरळ सांगता की वायर कॉम्प्युटरला लावा आणि तिथून शेअर करा, कॉम्प्युटर चालू असेपर्यंतच दुसऱ्यांना प्रिंट मिळेल.

एक विनंती. राऊटरच्या सेटिंगचा पासवर्ड बदललात की तो घरच्या माणसाला लिहून द्या, प्रिंटरच्या नेमलेल्या पत्त्यासोबत. तो नसला की आम्हाला रिसेटची पिन दाबावी लागते, आणि तुमची सगळी सेटिंग त्यात पुसली जाते.

आपले,
दारव्हा तालुक्यातले ऑनलाइन केंद्रवाले आणि झेरॉक्सवाले